कनेरसरचे सरन्यायाधीश

चाकणच्या कारखान्यांचा पसारा उत्तरेकडे सरकत राजगुरुनगरपर्यंत पोहोचला, तेव्हा त्या भागातील जी गावे वर्तमानपत्रांतून वारंवार झळकू लागली त्यांत खेड तालुक्यातील कनेरसर हे एक. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी निमगाव, दावडी आणि कनेरसर परिसरात जमिनी घेतल्या गेल्या, मोबदल्याचे वाद झाले, मोर्चे निघाले. त्यापूर्वी मात्र हे गाव पंचक्रोशीत दोन गोष्टींसाठी ओळखले जाई. एक म्हणजे यमाई देवीचे देऊळ आणि दुसरी म्हणजे चंद्रचूडांचा वाडा. होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड याच घराण्यातले मानले जातात. त्यांनी अहिल्याबाईंच्या विरोधात राघोबादादांशी संधान बांधले आणि पुढे थोरल्या माधवरावांची कैद भोगली. सत्तेच्या फार जवळ जाण्याचे फळ या घराण्याने असे अठराव्या शतकातच चाखले होते. विसाव्या शतकात त्याच घराण्यातील एका पुरुषाच्या वाट्याला सत्तेपासून अंतर राखण्याचे काम आले. ते त्यांनी कधी उत्तम निभावले, तर एकदा असे चुकले की त्या चुकीची दुरुस्ती व्हायला चार दशके लागली आणि ती त्यांच्या चिरंजीवांच्या हातून झाली.

यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा जन्म १२ जुलै १९२० रोजी पुण्यात झाला. नूतन मराठी विद्यालयात शिक्षण झाले, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९४० साली पदवी आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९४२ साली कायद्याची पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिलीची सनद घेतली. १९४९ ते १९५२ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ अध्यापन करीत. १९५२ साली ते साहाय्यक सरकारी वकील झाले आणि १९५८ पर्यंत सरकारी वकील या पदापर्यंत पोहोचले. हा सारा प्रवास तसा सरळ, एका हुशार, कष्टाळू मध्यमवर्गीय तरुणाचा म्हणावा असा होता. कोणत्याही राजकीय पक्षाचा झेंडा त्यांनी खांद्यावर घेतला नव्हता. तरी ज्या सरकारच्या बाजूने न्यायालयात उभे राहायचे त्याच सरकारच्या शिफारशीने पुढे न्यायासनावर बसायचे, हा योग त्यांच्याही नशिबी होताच. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे कितीतरी न्यायाधीश याच वाटेने आले आहेत.

याच काळात त्यांच्याकडे एक असा खटला आला, की ज्याने न्यायदानात लोकमताचे स्थान काय, हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा केला.

नौदलातील अधिकारी कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा या व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात हा खटला ज्युरीपुढे चालला. त्या वेळी मुंबईत गंभीर गुन्ह्यांसाठी नऊ नागरिकांची ज्युरी बसत असे. कायदा न शिकलेले, समाजातून निवडलेले हे लोक दोषी की निर्दोष एवढेच सांगत. लोकांनीच न्यायाधीश निवडावा ही कल्पना आपल्याकडे प्रत्यक्षात कधी आली नाही. पण लोकांतूनच न्याय करणारे घ्यावेत, या कल्पनेचे जे रूप आपण पाहिले ते ज्युरीचे. या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. न्यायालयाबाहेर जल्लोष झाला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने तर या अधिकाऱ्याच्या बाजूने मोहीमच उघडली होती. देखणा, गणवेशातला, पत्नीच्या विश्वासघाताने पोळलेला पुरुष एका बाजूला आणि श्रीमंत विलासी व्यापारी दुसऱ्या बाजूला, असे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले होते.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला. त्यांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांच्यापुढे सरकारची बाजू मांडण्याचे काम चंद्रचूड यांच्याकडे आले. लोकमताचा प्रवाह पूर्ण विरुद्ध दिशेने वाहत असताना, ज्युरीपुढे कायदा नीट मांडला गेला नाही आणि घटनाक्रम अचानक उसळलेल्या रागाचा नसून थंड डोक्याने उचललेल्या पावलांचा आहे, हे त्यांना न्यायालयाला पटवून द्यायचे होते. जहाजावर जाऊन पिस्तूल घेणे, मग आहुजाचे कार्यालय गाठणे, तेथे तो न सापडल्यावर घरी जाणे, या साखळीतला एकेक दुवा न्यायालयापुढे आला. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी धरून जन्मठेप सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. नानावटींना पुढे राज्यपालांची माफी मिळाली, ती गोष्ट वेगळी. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता असे आजही बेधडक सांगितले जाते. ते खरे नाही; काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही बसत होत्या. पण या खटल्याने ज्युरीवरचा विश्वास पार उडवला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही, एवढे मात्र निश्चित.

१९ मार्च १९६१ रोजी चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. अकरा वर्षांहून अधिक काळ ते तेथे होते. मधल्या काळात एक नाजूक कामगिरी त्यांच्याकडे आली. जनसंघाचे अध्यक्ष दीनदयाळ उपाध्याय यांचा मृतदेह फेब्रुवारी १९६८ मध्ये मुगलसराय स्थानकाजवळ सापडला होता. हा राजकीय खून असल्याचा जनसंघाचा आरोप होता. त्या मृत्यूच्या चौकशीचा एकसदस्य आयोग चंद्रचूडांचा. राजकीय कटाचा पुरावा नाही, हे चोरट्यांचे काम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जनसंघाला तो रुचला नाही. २८ ऑगस्ट १९७२ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायाधीश कोणी निवडावा?

येथे थोडे थांबून आपल्या व्यवस्थेची रचना पाहायला हवी, कारण यापुढचे त्यांचे सारे आयुष्य त्या रचनेतील एका शब्दाभोवती फिरले.

अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश चक्क निवडणुकीने निवडले जातात. मिसिसिपी राज्याने १८३२ सालीच आपले सर्व न्यायाधीश मतदानाने निवडण्याचे ठरविले. पुढे पक्षांच्या यंत्रणेचा न्यायालयांत शिरकाव होतो म्हणून अनेक राज्यांनी मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचे नावच न छापण्याची पद्धत आणली. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, वॉशिंग्टन या राज्यांत ती आहे. तिने पक्ष खरोखर दूर राहतात का, हा प्रश्न निराळा. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी निवडणूक झाली. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता. मात्र दोन्ही बड्या पक्षांच्या पाठीराख्यांनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च केल्याचे सांगितले गेले. जून २०२५ मध्ये मेक्सिकोने देशभर न्यायाधीशांची निवडणूक घेतली, तेव्हा शंभरातले जेमतेम तेरा मतदार केंद्रावर आले.

आपल्या घटनाकारांनी हा मार्ग घेतला नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्रपती करतील. मात्र त्यापूर्वी ते भारताचे सरन्यायाधीश, राज्याचे राज्यपाल आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी सल्लामसलत करतील, असे घटनेने म्हटले. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हा मध्यम मार्ग असल्याचे मांडले. नेमणुका केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आणि त्या विधिमंडळाच्या संमतीला बांधणे अडचणीचे, कारण मग राजकीय दबाव आलाच. त्याच वेळी सरन्यायाधीशांना नकाराधिकार देण्यासही त्यांचा विरोध होता. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, असा त्यांचा विचार होता. म्हणजे सारा भार पडला तो सल्लामसलत या शब्दावर. सल्ला घ्यायचा हे ठीक. पण तो मानायचा की नाही? घटना त्याबाबत गप्प होती.

पहिली दोन दशके हा प्रश्न फारसा टोचला नाही. मग केशवानंद भारती खटला आला. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा असा निकाल दिला, की संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. चंद्रचूड त्या सहांपैकी एक होते. संसदेच्या अधिकारावर असे बंधन त्यांना मान्य नव्हते. दोनच दिवसांत न्यायमूर्ती शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून न्यायमूर्ती अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. डावलले गेलेले तिघेही बहुमतातले होते, रे अल्पमतातले. यातले शेलत म्हणजे ज्यांच्यापुढे चंद्रचूडांनी नानावटी खटला चालविला होता तेच. सरकारला नको असलेला निकाल दिला तर काय होते, हे प्रत्येक न्यायाधीशाने त्या दिवशी पाहिले.

एप्रिल १९७६

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली. पुण्याचे येरवडा कारागृह राजकीय स्थानबद्धांनी भरून गेले. ‘मिसा’खाली पकडलेल्यांना कारण विचारण्याचीही सोय नव्हती. आपल्याला बेकायदा डांबले आहे, एवढे तरी न्यायालयाने तपासावे, अशी मागणी घेऊन देशभरातील उच्च न्यायालयांत अर्ज गेले आणि नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबईच्या न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, ते ऐकून घेता येतात असे सांगितले. राज्याराज्यांतील या न्यायाधीशांनी दाखविलेले धैर्य आज बहुतेक विसरले गेले आहे.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायाधीशांचे पीठ बसले. त्यात रे, खन्ना, बेग, चंद्रचूड आणि भगवती होते. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, ७ नोव्हेंबर १९७५ रोजी, इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात चंद्रचूडांनी पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्तीची तरतूद रद्द ठरविण्याच्या बाजूने कौल दिला होता. केशवानंद खटल्यात जी मूलभूत चौकट त्यांनी नाकारली होती तीच त्यांनी आता बहुमताचा निर्णय म्हणून मानली आणि समतेच्या तत्त्वावर त्या तरतुदीला छेद दिला. आणीबाणी सुरू असताना हे घडले होते. त्यामुळे स्थानबद्धांच्या वकिलांना चंद्रचूडांकडून आशा होती.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. आणीबाणी असेतोवर स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद, असे चार न्यायाधीशांनी सांगितले. त्या चारांत चंद्रचूड होते. सरकार या अधिकाराचा गैरवापर करणार नाही, अशी आशा त्यांनी आपल्या निकालपत्रात व्यक्त केली. नागरिकाच्या जिवाची हमी देण्याचे काम ज्या न्यायालयाकडे, त्याने ती हमी आशेवर सोपविली, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्याची किंमत त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये चुकती केली. ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना राजीनामा देऊन बाहेर पडले.

चंद्रचूड यांनी असे का केले, याचा शोध त्यांच्या चाहत्यांनी आणि टीकाकारांनी वर्षानुवर्षे घेतला. ते भित्रे नव्हते, हे नोव्हेंबर १९७५ चा निकाल सांगतो. कायद्याच्या शब्दाला घट्ट धरून चालण्याची सवय त्यांना त्या दिवशी नडली, असे म्हणणारे काहीजण आहेत. सरन्यायाधीशपदाची पायरी जवळ आली होती, असे म्हणणारेही आहेत. माणसाच्या मनात शिरून पाहता येत नाही. १९७८ साली एका जाहीर भाषणात मात्र, त्या वेळी पद सोडण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखविली.

सरन्यायाधीशपद

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. बेग फेब्रुवारी १९७८ मध्ये निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने पुढचे नाव चंद्रचूडांचे होते. १९७६ च्या त्या निकालाबद्दल त्यांना डावलावे, अशी मागणी उठली आणि ती करणाऱ्यांत मुंबईतील नामवंत वकीलही होते. सत्तेवर बसलेली बहुतेक मंडळी तुरुंगातून बाहेर आली होती. दीनदयाळ चौकशीचा निष्कर्ष न रुचलेला जनसंघही त्या सरकारात होता. कायदामंत्री होते शांतिभूषण, ज्यांनी इंदिरा गांधींविरुद्धचा निवडणूक खटला चालविला होता. सूड घ्यायचाच असता तर यापेक्षा सोयीची वेळ नव्हती.

सरकारने तसे केले नाही. शांतिभूषण यांनी न्यायाधीशांची आणि वकिलांची मते घेतली आणि ज्येष्ठतेचा संकेत पाळण्याचे ठरले. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाला डावलणे १९७३ आणि १९७७ मध्ये चूक असेल, तर १९७८ मध्ये ते बरोबर ठरत नाही, हा त्यामागचा साधा तर्क. ज्या निकालाने त्यांच्यातील अनेकांना तुरुंगात ठेवले, तो देणाऱ्या न्यायाधीशाला त्यांनीच सर्वोच्च आसनावर बसविले. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी चंद्रचूडांनी शपथ घेतली.

पुढची सात वर्षे आणि साडेचार महिने ते त्या पदावर होते. इतका काळ सरन्यायाधीश राहिलेला दुसरा कोणी नाही. मे १९७८ मध्ये त्यांच्या पीठाने ‘किस्सा कुर्सी का’ प्रकरणात संजय गांधी यांचा जामीन साक्षीदारांवर दबाव आणल्याच्या कारणावरून महिनाभरासाठी रद्द केला. ३१ जुलै १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतील संसदेला अमर्याद अधिकार देणारे कलम त्यांनी रद्द ठरविले. केशवानंद खटल्यात अल्पमतात असलेला न्यायाधीश आता मूलभूत चौकटीचा मोठा राखणदार झाला होता. तोवर इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या, हेही लक्षात घ्यायला हवे.

सामान्य माणसाच्या उपयोगाचा त्यांचा निकाल म्हणायचा तर गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्याचा, एप्रिल १९८० चा. अटकपूर्व जामीन कोणत्या परिस्थितीत द्यावा, याबाबत उच्च न्यायालयाने घातलेल्या जाचक अटी चंद्रचूडांनी दूर केल्या आणि हा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविला. राजगुरुनगर असो वा वडगाव मावळ, जमिनीच्या वादातून दाखल झालेल्या फौजदारी गुन्ह्यात अटकपूर्व जामिनासाठी धावणाऱ्या माणसाचा वकील आजही त्याच निकालाचा आधार घेतो. अर्जदाराला बहुधा ठाऊक नसते की तो लिहिणारा माणूस याच तालुक्याच्या मातीतला.

सल्लामसलत

न्यायाधीशांच्या निवडीचा प्रश्न त्यांचा पाठलाग सोडणार नव्हता. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या एका फटक्यात बदल्या झाल्या होत्या. गुजरातचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी आपल्या बदलीला आव्हान दिले. सप्टेंबर १९७७ मध्ये त्या प्रकरणात चंद्रचूडांनी लिहिले, की न्यायाधीशाच्या संमतीविना बदली करता येते, पण सरन्यायाधीशांशी होणारी सल्लामसलत नावापुरती नको. सारी माहिती पुढे ठेवून, खऱ्या अर्थाने ती व्हायला हवी. त्या वेळी त्यांना कल्पना नसावी, की चार वर्षांनी आपण स्वतः सल्ला देणाऱ्याच्या जागी असू आणि आपलाच सल्ला न्यायालयात तपासला जाईल.

१८ मार्च १९८१ रोजी कायदामंत्री शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना एक पत्र पाठविले. उच्च न्यायालयांतील अतिरिक्त न्यायाधीशांकडून, दुसऱ्या राज्यात नेमणूक स्वीकारण्यास तयार असल्याची लेखी संमती घ्यावी, असे त्यात होते. अतिरिक्त न्यायाधीशाची मुदत थोडी असते. ती वाढवायची की नाही, हे सरकारच्या हाती. अशा माणसाकडून आधीच संमती मागायची, म्हणजे त्याच्या डोक्यावर तलवार टांगून ठेवायची, असा वकीलवर्गाचा आक्षेप होता. त्यातच दिल्ली उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश एस. एन. कुमार यांची मुदत वाढविली गेली नाही. त्यांना मुदतवाढ द्यावी असे चंद्रचूडांचे मत होते, तर दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींचे मत उलट होते. सरकारने दुसरे मत उचलले. पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती के. बी. एन. सिंग यांची मद्रासला बदली झाली. तिला मात्र चंद्रचूडांची संमती होती.

ही सारी प्रकरणे एकत्र होऊन सात न्यायाधीशांपुढे आली. चंद्रचूड स्वतः पीठावर बसू शकत नव्हते, कारण वाद त्यांच्याच सल्ल्याचा होता. देशाच्या सरन्यायाधीशाला आपल्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र सादर करावे लागले आणि सिंग यांनी त्यातील मजकुराला प्रतिज्ञापत्रानेच उत्तर दिले. आपल्या न्यायालयांच्या इतिहासात असा प्रसंग विरळा. पदाची शान त्यात वाढली असे म्हणता येत नाही. परंतु बंद दारांआड चालणारा पत्रव्यवहार पहिल्यांदाच लोकांपुढे आला, हा फायदाही थोडा नव्हता.

३० डिसेंबर १९८१ रोजी निकाल लागला. पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती भगवती होते. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, सरन्यायाधीशांच्या मताला इतरांपेक्षा अधिक वजन नाही आणि अंतिम शब्द सरकारचा, असा बहुमताचा कौल होता. कुमार यांना दिलासा मिळाला नाही. सिंग यांची बदली मात्र वैध ठरली. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्यासारख्यांनी वेगळे मत नोंदविले, पण ते अल्पमतात राहिले. अशा रीतीने सर्वांत दीर्घकाळ सरन्यायाधीश राहिलेल्या माणसाच्या कारकिर्दीतच सरन्यायाधीशाच्या शब्दाचे मोल कायद्याने कमी झाले. पुढे १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हा निकाल उलटविला आणि आजची ‘कॉलेजियम’ पद्धत आली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, ही पद्धत जगात क्वचितच कुठे असेल. तिच्या जागी संसदेने आणलेला नेमणूक आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला.

१९८५ मधले त्यांचे पदावरचे शेवटचे महिने धकाधकीचे गेले. २३ एप्रिल रोजी त्यांच्या पीठाने शाहबानो या वृद्ध घटस्फोटितेला पोटगीचा हक्क आहे असे सांगितले आणि देशभर वादळ उठले. १० जुलै रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा निकाल आला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी झोपड्या हटवून त्यांतील रहिवाशांना आपापल्या गावी धाडण्याचे जाहीर केले होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे चंद्रचूडांनी लिहिले. तरीही पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार त्यांनी मान्य केला. फक्त पावसाळा संपून ३१ ऑक्टोबरपर्यंत कोणाला हटवू नये, एवढे सांगितले. हक्क मोठा आणि हाती आले ते चार महिने. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने इतके स्पष्टपणे आधी कधी बोलले नव्हते, हेही खरेच. पिंपरी-चिंचवडमधील झोपडपट्ट्यांच्या कज्ज्यांतही हा निकाल दाखविला जातो, दोन्ही बाजूंकडून.

निवृत्तीनंतर ते मुंबईत राहिले. १९९७ साली क्रिकेट नियामक मंडळाने सामनेनिश्चितीच्या आरोपांच्या चौकशीचे काम त्यांना दिले. त्यांना काही गैर आढळले नाही, आणि तीनच वर्षांनी त्या प्रकरणाचे सारे धागे बाहेर आले. १४ जुलै २००८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निकाल दिला. त्यातील मुख्य निकालपत्र लिहिणारे होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. १९७६ चा निकाल गंभीर दोषांनी भरलेला असून तो आता कायदा म्हणून उरत नाही, असे त्यांनी त्यात नमूद केले. वडिलांचे नाव घेऊन त्यांनी वेगळे काही लिहिले नाही. पुढच्या वर्षी व्यभिचाराच्या कायद्याबाबतचा वडिलांचा १९८५ चा निकालही त्यांच्या सहभागाने बाजूला सारला गेला. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ते स्वतः सरन्यायाधीश झाले. पिता-पुत्र दोघांनीही हे पद भूषविल्याचे भारतातील हे एकमेव उदाहरण. दोघांनाही ते ज्येष्ठतेच्या त्याच संकेताने मिळाले, जो १९७८ साली तुरुंगातून आलेल्या मंत्र्यांनी मोडायचे नाकारले होते.